चहाघरातला तोको: आधी पट, मग खिळा, मग खांब

जपानी चहाविधीसाठी खोली करायला घेतलेली माणसं सगळ्यात आधी खांब शोधायला निघतात. तोकोनोमाचे (थोडक्यात तोको, म्हणजे हस्ताक्षराचा टांगता पट आणि फुलं मांडायची खोलीतली खास जागा) फोटो पाहिलेले असतात आणि त्यातला सालीसकटचा किंवा घासून गुळगुळीत केलेला गोल खांब डोळ्यांत भरलेला असतो. खांब येतो, मग त्याला शोभेल अशी चौकट, मग भिंतीचा रंग. सगळं झाल्यावर पट टांगायला जावं तर त्याचं टोक तळाला टेकतं, किंवा खिळा ठोकायला गिलाव्यामागे लाकूडच नसतं. तोवर माती वाळलेली असते, पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा केला तर यातल्या बहुतेक चुका होतच नाहीत. म्हणून हा लेख.

तोकोला मराठीत कोनाडा म्हणावंसं वाटतं, पण त्या शब्दानेच घोटाळा होतो. कोनाडा भिंतीच्या जाडीत असतो, उभ्या माणसाच्या हाताशी येतो, त्यात पणती ठेवतात. तोको जमिनीपासून सुरू होतो. त्याला स्वतःचा तळ असतो, स्वतःचं छत असतं, आणि तो बसलेल्या माणसासाठी असतो. उभं राहून आखलेला तोको हमखास चुकतो.

पुढे पाच शब्द सारखे येतील. तोकोच्या पुढच्या कडेचा मुख्य खांब म्हणजे तोकोबाशिरा. तळाच्या पुढच्या कडेला लावलेलं आडवं लाकूड, आपल्या उंबरठ्यासारखं दिसणारं, ते तोकोगामाची. वरून तोकोचं तोंड आखणारी आडवी पट्टी म्हणजे ओतोशिगाके. भिंतीवर टांगायचा, गुंडाळता येणारा पट म्हणजे काकेजिकु. त्याला मी नुसतं पट म्हणेन. आणि फुलांचं पात्र म्हणजे हानाइरे.

मापं जपानी सुतार शाकु आणि सुनमध्ये सांगतात. १ शाकु म्हणजे ३०.३ सेंमी, १ सुन म्हणजे ३.०३ सेंमी. क्योतोकडची तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड चटई, १९१ × ९५.५ सेंमीची असते आणि तोक्योकडची त्याहून लहान, साधारण १७६ × ८८. कोणत्या तातामीवर खोली आखताय हे पहिल्याच कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी मापं मी क्योतोच्या तातामीवर आणि साडेचार तातामींच्या खोलीसाठी दिली आहेत. या खोलीची प्रत्येक बाजू सुमारे २८६ सेंमी भरते.

टप्पा १: कोण कुठे बसणार

कोऱ्या कागदावर खोलीचा चौकोन काढा आणि तोको सोडून बाकी सगळं आधी मांडा: यजमान चहा करायला बसतो ती जागा, चूल, यजमानाचं दार, आणि पाहुण्यांचं सरपटत आत यायचं बुटकं दार, म्हणजे निजिरिगुची. हे दार सुमारे ६६ सेंमी उंच आणि ६३ सेंमी रुंद असतं, त्यामुळे आत येणाऱ्याची नजर आपोआप खाली असते. तो मान वर करतो तेव्हा त्याला काय दिसावं, हा तोकोच्या जागेचा पहिला प्रश्न आहे. क्योतोजवळच्या यामाझाकीतल्या म्योकिआन मंदिरात ताइआन ही सोळाव्या शतकातला चहागुरू रिक्यू याची म्हणून ओळखली जाणारी दोन तातामींची खोली आहे. तिथे निजिरिगुचीच्या अगदी समोर तोको आहे. दार सरकवलं की पट समोर. शक्य असेल तिथे हीच मांडणी धरा.

दुसरा प्रश्न यजमानाचा. चहा करायला बसलेल्या यजमानाच्या पुढच्या बाजूला तोको आला तर त्याला कामिझा-दोको म्हणतात आणि पाठच्या बाजूला आला तर गेझा-दोको. दोन्ही चालतात. पण मुख्य पाहुणा तोकोजवळ बसतो, म्हणून तोको हलला की पाहुण्यांची रांग हलते, आणि चहाचा वाडगा कुठून कुठे जाईल तेही बदलतं. तुम्ही ज्या घराण्याची पद्धत शिकता, तिच्या गुरूंसमोर हा कागद ठेवा आणि त्यांचा होकार आल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुताराला यातलं सगळं माहीत असेलच असं नाही.

सावधान: तोकोपुढची तातामी लांबीच्या बाजूने तोकोला समांतर हवी. तिची अरुंद बाजू तोकोकडे आली, किंवा खोलीच्या छताच्या पट्ट्या तोकोकडे टोक करून आल्या, तर त्याला तोकोझाशी म्हणतात, म्हणजे तोकोला भोसकणं. जपानी घरात हे अशुभ मानतात. शुभाशुभ बाजूला ठेवलं तरी त्या तातामीवर बसून पट पाहणाऱ्याच्या गुडघ्यांखाली दोन तातामींचा सांधा येतो आणि नजर रेषांबरोबर भिंतीत घुसते.

तपासणी: जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने सगळ्या तातामी आखा. एका माणसाला यजमान करा, दोघांना पाहुणे. दारातून गुडघ्यांवर सरकत या, तोकोच्या जागेपुढे बसा, नमस्कार करा, आपल्या जागेवर जा. कुणाला कुणाच्या पाठीमागून अडखळत जावं लागलं तर कागद बदला. या वेळी त्याला काहीच खर्च येत नाही.

टप्पा २: काय टांगणार

बहुतेक जण हा टप्पा गाळतात, आणि माझ्या मते सगळा तोको याच्यावर उभा आहे.

चहाच्या खोलीत पट हा मुख्य पाहुण्यापेक्षाही वरचा मानतात. आत येणारा आधी पटाला वाकतो, मग यजमानाला भेटतो. म्हणून तुमच्याकडे असलेले, किंवा तुम्ही खरोखर वापरणार असलेले पट आधी मोजा. कपड्याच्या कडा, वरची काठी आणि खालचा रूळ धरून पूर्ण लांबी, रूळाच्या मुठींसकट पूर्ण रुंदी, आणि पटाच्या वरच्या टोकापासून अक्षरं सुरू होतात तिथपर्यंतचं अंतर, ही तीन मापं लिहा. एका ओळीत उभं लिहिलेला पट १८० सेंमीच्या आसपास लांब आणि साधारण ३० सेंमी रुंद असतो. आडवा पट लांबीला बराच कमी आणि रुंदीला जास्त.

खोलीचं छत बुटकं असेल तर उभा लांब पट विसरा आणि आडव्या पटासाठी तोको आखा. ‘एखाद्या दिवशी मोठा पट घेऊ’ म्हणून उंच तोको केला, की लहान पट त्यात हरवतो.

एका पटासाठी किती दूर जाता येतं हे पाहायचं असेल तर क्योतोच्या दाइतोकुजीमधल्या र्योकोइन या उपमंदिरातलं मित्तान चहाघर आठवा. मित्तान कानकेत्सु या चिनी झेन भिक्षूच्या हस्ताक्षराचा एक पट तिथे आहे, आणि त्या एकाच पटासाठी तिथे वेगळा तोको केलेला आहे. खोलीचं नावही त्या पटावरूनच पडलं. तुम्हाला इतकं करायचं नाही. पण मोजपट्टी आधी पटाला लागते, भिंतीला नंतर, एवढं तिथून घ्या.

टप्पा ३: रुंदी, खोली, उंची

रुंदी. साडेचार तातामींच्या खोलीत ४ शाकु ३ सुन ते ४ शाकु ८ सुन, म्हणजे १३० ते १४५ सेंमी, ठीक बसते. ताइआनचा तोको ४ शाकुच्या आसपासचा आहे, पण ती खोलीच दोन तातामींची. दीडशे सेंमीच्या पुढे जायचा मोह आवरा. पटाच्या दोन्ही बाजूंची रिकामी भिंत पटाला धरून ठेवते. ती फार पसरली की पट वाळत टाकलेल्या कपड्यासारखा लोंबतो.

खोली, म्हणजे पुढून मागे. ७० ते ७५ सेंमी. याहून कमी केलीत तर पट आणि त्यापुढचं फुलांचं पात्र एकमेकांना चिकटतात आणि पानांवरचं पाणी पटाला लागतं. भिजलेला डाग पटावरून जात नाही.

उंचीच्या बाबतीत सगळे गोंधळतात, म्हणून एक हिशेब पूर्ण मांडतो. पट १८० सेंमीचा. त्याचा रूळ तोकोच्या तळापासून किमान २० सेंमी वर राहावा असं धरलं, तर खिळा तळापासून २०० सेंमीवर. तोकोचा तळ खोलीच्या तातामीपेक्षा ९ सेंमी उंच असेल तर खिळा खोलीच्या जमिनीपासून २०९ वर. सेइझात, म्हणजे आपल्या वज्रासनात, बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ८० सेंमीच्या आसपास येतात. तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, तोकोच्या पुढच्या कडेपासून २७० सेंमीवर बसला आहे आणि तोको ७२ सेंमी खोल आहे. त्याच्या डोळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरी ताणली तर ती तोकोच्या पुढच्या कडेवर जमिनीपासून १८२ सेंमीवरून जाते. म्हणजे ओतोशिगाकेची खालची कड १८० वर ठेवली की लांबच्या माणसाला खिळा आणि दोरा दिसत नाही. पट वरून कुठूनतरी अलगद उतरल्यासारखा दिसतो. जवळ बसून मान वर केली तर खिळा दिसणारच, त्याला इलाज नाही आणि त्यात वाईटही काही नाही.

आता उलट बाजू तपासा. अक्षरं पटाच्या टोकापासून ४५ सेंमी खाली सुरू होत असतील तर ती जमिनीपासून १६४ वर आहेत. त्याच लांबच्या जागेवरून त्यांची दोरी पुढच्या कडेला १४६ वरून जाते, म्हणजे ओतोशिगाकेच्या बरीच खालून. एकही अक्षर कापलं जात नाही. तुमच्या पटाची, तुमच्या खोलीची मापं घालून हा हिशेब पुन्हा करा. माझे आकडे तसेच उचलू नका.

तपासणी: हिशेबावर थांबू नका. पटाच्या मापाचा कागद कापा, त्यावर अक्षरांची जागा काळी करा आणि भिंतीवर लावा. ओतोशिगाकेच्या जागी दोरी बांधा, तोकोगामाचीच्या जागी एक फळी टाका. दोन दिवस तसंच राहू द्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी येऊन बसा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळं उभ्याने पाहिलं आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गुरूंनी काही न बोलता मला तातामीवर बसवलं. पट सगळा माझ्या कपाळावर आल्यासारखा वाटला. त्या दिवशी खिळा ९ सेंमी खाली आला.

टप्पा ४: तोकोचा प्रकार

प्रकार पुष्कळ आहेत. नावांच्या यादीत न गुंतता तळ आणि भिंत यांकडे पाहा.

तळ उंच, त्यावर तातामी आणि पुढे चौकटीचं लाकूड, हा होन-दोको; सगळ्यांत औपचारिक. तळाला फळी, ती खोलीच्या तातामीच्या पातळीलाच, पुढे चौकट नाही, तो फुमिकोमी-दोको. फळी थोडी उंच आणि तिच्याखाली उभी पट्टी, तो केकोमी-दोको. आतले कोपरे आणि छत मातीने गोल लिंपून टाकलेला, खांब आत न दिसणारा, तो मुरो-दोको. ताइआनचा तोको या प्रकारचा. तो साधा वाटतो पण गवंड्याच्या हाताची सगळी परीक्षा त्यात होते. माती लिंपण्याचा अनुभव असलेला माणूस मिळत नसेल तर मुरो-दोकोच्या वाटेला जाऊ नका.

जागा नसेल तर? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पुण्या-मुंबईतल्या किंवा तोक्योतल्या, सगळ्यांचा हा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर चहाच्या परंपरेतच आहे. काबे-दोको म्हणजे नुसती भिंत आणि एक खिळा. उरासेन्के घराण्याच्या कोन्निचिआन या मूळ चहाखोलीत असाच भिंतीचा तोको आहे. म्हणून त्याला तडजोड समजू नका. भिंतीच्या वरच्या बाजूला छताखाली एक आडवी फळी लावून तिच्यावर खिळा घेतला तर तो ओरिबे-दोको. आणि हलवता येणारा बुटका पाट भिंतीशी ठेवला तर ओकी-दोको. भाड्याच्या घरात ओकी-दोको सगळ्यात बरा. फक्त तो पाट इतर वेळी दुसऱ्या कशालाही वापरू नका. त्यावर एकदा मोबाइलचा चार्जर पडला की घरातल्यांच्या लेखी ते टेबल होतं.

काबे-दोको घेणाऱ्यांनी टप्पा १, २, ६ आणि ९ नीट वाचावेत. बाकीचे त्यांना फारसे लागत नाहीत.

टप्पा ५: उजेड

उजेड एका बाजूने यायला हवा. तोकोच्या बाजूच्या भिंतीत एक लहान खिडकी ठेवतात, तिला बोकुसेकी-मादो म्हणतात, म्हणजे शाईच्या हस्ताक्षराची खिडकी. तिच्यातून तिरपा उजेड पटावर येतो आणि ब्रशचा जोर कुठे पडला, कुठे शाई संपत आली ते दिसतं.

वरून दिवा लावू नका. तोकोच्या छतात लपवलेला दिवा पटाचं वरचं कापड उजळतो आणि अक्षरं अंधारात टाकतो, शिवाय जुन्या कागदाला उष्णता देतो. खिडकी शक्य नसेल तर खोलीच्या एकाच बाजूला कागदी पडद्याआडचा मंद दिवा पुरतो. वातानुकूलन यंत्राचा झोत पटावर येत नाही ना, हेही आत्ताच पाहा. कोरड्या झोतात पटाच्या कडा आत वळतात.

टप्पा ६: खिळे, गिलाव्याआधी

खिळ्यांची जागा भिंत झाल्यावर ठरवता येत नाही. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. त्याच्यामागे लाकडाचा तुकडा आधी बसवावा लागतो. म्हणून सुतार असतानाच हे सगळं करून घ्या.

मधला, पटाचा खिळा वरच्या बाजूला, रुंदीच्या बरोबर मध्यावर. चहाच्या तोकोत तो बांबूचा असतो. मध्य काढताना भिंतीचा मध्य काढू नका. खांबाच्या आतल्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जे दिसतं त्याचा मध्य काढा. गोल खांब आत फुगलेला असेल तर हे दोन मध्य दीड-दोन सेंमीने वेगळे येतात, आणि बसलेल्या माणसाला तेवढा फरक लगेच कळतो.

नाकाकुगी मागच्याच भिंतीत, पटाच्या खिळ्याच्या बरोबर खाली. पूर्ण चहाविधीत मधल्या सुट्टीत पट उतरवून फुलं टांगतात, ती या खिळ्यावर. पट टांगलेला असताना हा खिळा मागून कागदाला टोचू नये म्हणून त्याचं डोकं आत ढकलता येईल असा प्रकार वापरतात, त्याला मुसोकुगी म्हणतात. साधा खिळा लावून वाचवलेले पैसे एका पटाच्या दुरुस्तीत जातात.

खांबावरचा फुलांचा खिळा, छतातला हिरुकुगी (टांगत्या फुलपात्रासाठीचा आकडा) आणि कोपऱ्यातला यानागी-कुगी हे बाकीचे. यानागी-कुगीवर नव्या वर्षी गाठ मारलेल्या विलोच्या लांब फांद्या सोडतात. हे सगळे पहिल्या दिवशी नसले तरी चालतात, पण त्यांच्यामागचं लाकूड पहिल्या दिवशीच हवं. खांबावरच्या आणि मधल्या फुलखिळ्याची उंची घराण्यानुसार बदलते, म्हणून ती गुरूंकडून लेखी घ्या, तोंडी नको.

सावधान: पट हलका असतो, पाणी भरलेलं बांबूचं किंवा भाजलेल्या मातीचं पात्र हलकं नसतं. माती चढवण्याआधी फुलाच्या प्रत्येक खिळ्यावर पाचेक किलो वजन एक रात्र टांगून ठेवा. खिळा वाकला किंवा लाकूड करकरलं तर अजून वेळ आहे.

टप्पा ७: आता खांब

इथवर आलात म्हणजे खांबाची उंची, त्यावरच्या खिळ्याची जागा आणि त्याच्याशेजारची भिंत तुम्हाला माहीत आहे. आता लाकूडवाल्याकडे जा.

क्योतोच्या उत्तरेकडचा कितायामा सुगी (जपानी सीडर), साल काढून वाळूने घासलेला, हा सर्वांत सुरक्षित. लाल पाइन आणि कोबुशी (मॅग्नोलियाच्या कुळातलं झाड) सालीसकट वापरतात. साल पुढे सुटणार नाही ना हे नखाने उचलून पाहा. या आकाराच्या खोलीला ९ ते ११ सेंमी जाडी पुरते. जाड खांब बैठकीच्या दिवाणखान्यात शोभतो, साडेचार तातामींत तो पाहुण्यासारखा मध्ये येऊन बसतो. किंकाकुजीच्या आवारातल्या सेक्काते या चहाघरात नानतेनचा तोकोबाशिरा आहे. पर्यटक तो पाहून येतात आणि तसाच काहीतरी दुर्मीळ खांब मागतात. नानतेन हे झुडूप आहे, ते खांबाइतकं जाड क्वचितच होतं, म्हणून लोक तो खांब बघायला जातात. तुमच्या खोलीत लोकांनी खांब बघायला यावं असं वाटत असेल तर पट कशाला टांगायचा?

लाकूड निवडताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, झाडाचं बुंध्याकडचं टोक खाली आणि शेंड्याकडचं वर. उलटा लावलेला खांब जपानी सुतार अशुभ मानतात, आणि वर जाड होत गेलेला खांब डोळ्यालाही खटकतो. दोन, गोल खांबाच्या पायाशी पुढच्या बाजूने जो सपाट काप घेतात त्याला ताकेनोको-झुरा म्हणतात, कारण कापात उघडे पडलेले वर्षवलयांचे पट्टे बांबूच्या कोंबासारखे दिसतात. तो किती उंच जाईल हे खांबाच्या निमुळतेपणावर ठरतं, म्हणून सुताराला आधी रद्दी तुकड्यावर करून दाखवायला सांगा. खांब एकच असतो.

तोकोगामाची काळ्या लाखेची असेल तर खोली औपचारिक होते. नुसतं लाकूड, गाठी दिसणारं, असेल तर सैल होते. ताइआनमध्ये पुढचं लाकूड किरीचं, म्हणजे पॉलोनियाचं, आहे आणि त्यात गाठी तशाच ठेवल्या आहेत. लाखेची चौकट आणि साधा गोल खांब ही जोडी चहाघरात पुष्कळदा दिसते आणि चांगली दिसते. बिघडतं ते खांब, चौकट आणि ओतोशिगाके तिन्ही नजर ओढणारे घेतल्यावर. एक निवडा, उरलेले दोन गप्प ठेवा.

तपासणी: खांब उभा केल्यावर ओळंबा दोन बाजूंनी लावा, तोकोगामाची आणि ओतोशिगाके दोन्हींवर पाणसळ ठेवा. मग पाणसळ बाजूला ठेवून पुन्हा बसून पाहा.

टप्पा ८: माती

बांबूच्या कामट्यांची जाळी, त्यावर जाड मातीचा थर, मग मधला, मग वरचा बारीक थर. कोकणातली कुडाची भिंत पाहिलेल्याला यात नवं काही वाटणार नाही. भाताचा पेंढा इथेही मिसळतात. एकच नियम: प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. घाई झाली तर वरच्या थरात तडे जातात आणि ते नेमके पटाच्या मागे दिसतात. कामाचा हंगाम पावसाळ्याबाहेरचा धरा.

सिमेंटच्या घरात मातीचा पातळ गिलावा लाकडी पाठीवर चढतो, पण रंग पांढरा घेऊ नका. पटाचा कागदच पांढुरका असतो; पांढऱ्या भिंतीवर तो मळका दिसतो. ओल्या गव्हासारखा तपकिरी किंवा राखाडी घ्या. तेलकट चकाकी कुठेही नको.

भिंत हाताला थंड लागत असेल तर आतून अजून ओली आहे. पट बाहेर काढू नका.

टप्पा ९: पट टांगणे

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. अंगठ्या, घड्याळ काढा. तोको कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मग हा क्रम पाळा.

१. पट तोकोपुढे ठेवा, बांधलेली दोरी सोडा आणि ती टांगायच्या दोऱ्यावर एका बाजूला सरकवा. कोणत्या बाजूला ते तुमच्या घराण्यात विचारा. सहसा मानाच्या जागेपासून दूरच्या बाजूला.

२. पट साधारण ३० सेंमी उलगडा. वरून लोंबणाऱ्या दोन पट्ट्या घडी घातलेल्या असतात, त्या उघडून घडीवर उलट्या वाकवून सरळ करा. हे टांगल्यावर करायला गेलात तर पट हलतो.

३. याहाझु, म्हणजे टोकाला खाच असलेली बांबूची काठी, उजव्या हातात. खाचेत दोरा धरा. गुंडाळी डाव्या हातावर.

४. काठीने दोरा खिळ्यावर चढवा, पण डावा हात काढू नका. दोरा नीट बसलाय हे पाहूनच काठी खाली ठेवा.

५. दोन्ही हातांनी, रूळाच्या टोकांना धरून, हळूहळू खाली उलगडा. शेवटचे काही सेंमी राहिले की घाई होते. तिथेच पट सुटतो आणि झटका बसून वरचं कापड फाटतं.

६. मागे सरका, बसा, पाहा. डावी-उजवी पातळी रूळावरून तपासा.

खाली रूळाला वजनं टांगण्याची पद्धत इतर दिवाणखान्यांत दिसते. चहाच्या खोलीत ती टाळतात. पट वाऱ्याने हलत असेल तर दार बंद करा.

पट थोडा आखूड झाला आणि खिळा हलवता येत नसेल तर जिझाइ नावाचं, उंची कमीजास्त करता येणारं साधन मिळतं. त्याने पट खिळ्यापासून खाली घेता येतो. लांब पडलेल्या पटाला त्याचा उपयोग नाही.

टप्पा १०: फुलं, आणि उतरवणं

पूर्ण चहाविधीत पहिल्या बैठकीला तोकोत फक्त पट असतो. मधल्या सुट्टीत पाहुणे बागेत जातात तेव्हा पट उतरवून तोको झाडतात आणि फुलं लावतात. छोट्या, एका बैठकीच्या चहाला दोन्ही एकदम ठेवतात, त्याला मोरोकाझारी म्हणतात. तेव्हा पात्र पटापुढे मधोमध ठेवून अक्षरं झाकू नका. एका बाजूला घ्या किंवा खांबावरच्या खिळ्यावर टांगा.

तोकोचा तळ तातामीचा असेल तर पात्राखाली पातळ फळी लागते: काशाच्या किंवा हिरवट पोर्सिलेनच्या पात्राला खाचेच्या कडेची काळी लाखेची, चकाकी दिलेल्या मातीच्या पात्राला शिंपल्याच्या कडेची, बिनचकाकीच्या मातीला आणि बांबूला गोल कडेची. टोपलीखाली फळी नको, आणि टोपली मे ते ऑक्टोबरच्या हंगामातच. तळ लाकडाचा असेल तर फळी कशाखालीच ठेवत नाहीत. फळीवर फळी, ही चूक फुमिकोमी-दोको केलेल्यांकडे सर्रास दिसते.

मराठी घरातून आलेल्याला एक सवय इथे मोडावी लागते. आपल्याला फूल म्हणजे सुगंध. मोगरा, सोनचाफा, निशिगंध आणून ठेवावासा वाटतो. चहाच्या खोलीत धुपाचा आणि कोळशाचा वास असतो, त्यावर उग्र वासाचं फूल चालत नाही. जपानी चहापरंपरेत टाळायच्या फुलांची जी जुनी यादी आहे तिच्यात जिंचोगे हे सुवासिक फूल आहे, कोंबडा आहे, डाळिंब आहे. हिवाळ्यात कॅमेलियाची न उमललेली एक कळी, उन्हाळ्यात आपल्या जास्वंदीच्या कुळातलं मुकुगे. दोन-तीन डहाळ्या हातातच जुळवून पात्रात सोडायच्या. फुलं खोचायची काटेरी तबकडी वापरायची नाही. पाहुणे येण्याआधी पानांवर पाण्याचे थेंब शिंपडा, पण पट त्याच तोकोत असेल तर फुलं बाहेर नेऊन शिंपडा आणि मग आणून ठेवा.

चहा झाला की पट लगेच गुंडाळू नका. पाच-सात माणसांच्या श्वासाने आणि किटलीच्या वाफेने तो थोडा ओलसर झालेला असतो. खोली उघडून हवा खेळू द्या, तास-दोन तास तसाच राहू द्या. मग खालून वर, सैलसर, कडा सरळ ठेवत गुंडाळत न्या. वर ३० सेंमी उरले की याहाझुने दोरा काढा. पट्ट्यांच्या घड्या पहिल्या होत्या तशाच घाला, दोरीखाली मऊ कागदाचा तुकडा ठेवा आणि किरीच्या पेटीत बंद करा. बाहेर पाऊस असेल तर त्या दिवशी पेटी बंद करू नका. पट सैल गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पेटीत घाला.